अंघोळीनंतर कान बंद झाला? मळ काढायच्या आधी हे क्रमाने तपासा

लक्षणं

अंघोळ झाली, डोकं पुसलं आणि एका कानाला दडा बसला. समोरचा बोलतो ते भिंतीपलीकडून आल्यासारखं वाटतं, स्वतःचा आवाज मात्र डोक्यात घुमतो. कान जड, भरल्यासारखा. आत खाज, कधी हलका ठणका, कधी सतत गुंई असा आवाज. काहींना थोडं गरगरतंही. काहींना महिनोन्महिने कोरडा खोकला असतो. छातीचा एक्स-रे स्वच्छ येतो, औषधाच्या बाटल्या संपतात, खोकला जात नाही. कानाच्या नळीच्या त्वचेला व्हेगस नावाच्या नसेची एक फांदी जाते, आणि घसा व श्वासनलिकेकडेही तीच नस जाते. म्हणून कानातल्या मळाने खोकला येऊ शकतो.

श्रवणयंत्र वापरणाऱ्यांचं यंत्र शिट्टी मारायला लागतं किंवा त्याचा आवाज बारीक होतो. घरातले आजी-आजोबा बहुधा तक्रारही करत नाहीत. टीव्हीचा आवाज वाढत जातो, गप्पांमधलं बोलणं कमी होतं आणि घरचे म्हणतात, वय झालं आता.

मी तालुक्याच्या गावी कान-नाक-घशाचा दवाखाना चालवते. ही तक्रार बाराही महिने येते. मे महिन्यात विहिरीवर पोहणाऱ्या मुलांची भर पडते आणि पाऊस सुरू झाला की सगळ्याच वयाची माणसं येतात. साधा मळ काढणं हे माझ्या कामातलं सोप्यातलं सोपं काम. अवघड जातात ते घरी काडी, पिन, गरम तेल असं काहीतरी करून आलेले कान. म्हणून इथे फुकटच्या तपासण्या आधी आणि खर्चाच्या नंतर घेतल्या आहेत. वरून खाली जा, आणि जिथे थांबा म्हटलं आहे तिथे खरंच थांबा.

पहिला थांबा इथेच आहे. कानातून पू, रक्त किंवा घाण वासाचं पाणी येत असेल, ताप असेल, कानाची पाळी नुसती ओढली तरी कळ येत असेल, घर फिरतंय अशी मोठी चक्कर येत असेल किंवा चेहऱ्याची एक बाजू वाकडी झाली असेल, तर पुढचं वाचण्यात वेळ घालवू नका. हा मळाचा प्रश्न नाही. आजच डॉक्टरांना दाखवा.

पहिली तपासणी: काही करायची गरज आहे का?

मळ हा आजार नाही. मोठ्या माणसाच्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते. तिच्या बाहेरच्या एक तृतीयांश भागातच मळ तयार करणाऱ्या ग्रंथी आणि केस असतात. तिथला तेलकट स्राव, झडलेली त्वचा आणि धूळ मिळून मळ होतो. तो किंचित आम्ल असतो, त्यामुळे बुरशी आणि जंतूंना सहज थारा मिळत नाही. पाणीही त्वचेत मुरत नाही. आतल्या दोन तृतीयांश भागात त्वचा कागदासारखी पातळ असते, खाली लगेच हाड असतं, आणि तिथे मळ तयारच होत नाही. तिथे मळ दिसला की तो बहुतेक वेळा कुणीतरी ढकललेला असतो.

नळीतली त्वचा पडद्यापासून बाहेरच्या दिशेने अगदी हळूहळू सरकत असते. चावताना, बोलताना जबडा हलतो आणि मळ आपोआप बाहेर येतो. अंघोळीनंतर पंचाच्या टोकाने पाळी आणि कानाचं तोंड पुसलं की बहुतेकांचं काम संपतं. कोणाचा मळ ओला, चिकट, तपकिरी असतो, कोणाचा कोरडा, कोंड्यासारखा. हे आनुवंशिक असतं. त्यामागचं जनुक जपानी संशोधकांनी २००६ साली शोधून काढलं. मळाच्या रंगावरून स्वच्छतेचा निष्कर्ष काढू नका.

ऐकू नीट येतंय, दुखत नाही, दडा नाही, फक्त आत मळ 'दिसतो' म्हणून काढायचा विचार असेल, तर काढू नका. याला अपवाद मात्र आहेत: लहान मुलं, स्वतःची तक्रार सांगू न शकणारी वृद्ध किंवा मतिमंद माणसं, आणि श्रवणयंत्र वापरणारे. त्यांचे कान डॉक्टरांकडून अधूनमधून बघून घ्यायला हवेत.

दुसरी तपासणी: ओठ मिटून गुणगुणा

सगळ्यात महत्त्वाची तपासणी हीच आहे आणि तिला पैसा लागत नाही. शांत खोलीत बसा. ओठ मिटून एकाच सुरात 'म्म्म' असं गुणगुणा. आवाज कोणत्या कानात मोठा येतो ते बघा.

आवाज बंद कानात मोठा येत असेल तर अडथळा वाटेत आहे: मळ, पाणी, सर्दीने आलेली सूज, असं काहीतरी. याची खात्री पटत नसेल तर चांगल्या कानात बोट घालून तो बंद करा आणि गुणगुणा. आवाज त्याच कानात जाईल. बाहेरचा आवाज अडला की हाडातून आत येणारा आवाज मोठा वाटतो, त्यामुळे हे होतं.

आवाज चांगल्या कानात मोठा येत असेल आणि बंद वाटणाऱ्या कानात काहीच येत नसेल, तर थांबा. अशा वेळी कानाच्या आतल्या नसेला इजा झालेली असू शकते. तीन दिवसांच्या आत एका कानाचं ऐकू येणं एकदम कमी होणं याला आम्ही तातडीची गोष्ट मानतो. त्यावर स्टिरॉइडचे उपचार असतात. ते पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तर उपयोगाची शक्यता जास्त, आणि दोन आठवडे उलटून गेले की ती खूप घटते. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी मला सर्वात जास्त वाईट वाटतं ते या लोकांचं. सकाळी उठले तर कान बंद होता, घरच्यांनी मळ असेल म्हटलं, औषधाच्या दुकानातून थेंब आणले, महिनाभर घातले, आणि मग आले. तोवर करण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं. त्यांच्या कानात कधी मळ असतोही, पण ऐकू न येण्याचं कारण तो नसतो.

दोन्ही गोष्टी सुरू सारख्याच होतात, म्हणून गोंधळ होतो. मळ महिनोन्महिने साचतो, पण नळीत बारीकशी फट असेपर्यंत ऐकू व्यवस्थित येतं. मग एके दिवशी अंघोळीचं पाणी आत जातं, कोरडा मळ भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखा फुगतो आणि ती फट बंद होते. म्हणजे मळाचा दडाही एका क्षणात बसतो. 'अचानक झालं म्हणजे मळच' किंवा 'अचानक झालं म्हणजे नसच' असं कोणतंच अनुमान त्यावरून काढता येत नाही. गुणगुणल्यावर दिशा कळते. दोन्ही कान बंद असतील तर मात्र ही तपासणी फसवी ठरते. आणि शंका राहिली तर ती डॉक्टरांकडेच दूर करायची. कानात बघायला त्यांना मिनिटभर पुरतं.

तिसरी तपासणी: सर्दी, यंत्र, इअरफोन

घोट गिळा, जांभई द्या. क्षणभर कान उघडल्यासारखा वाटून पुन्हा बंद होत असेल आणि नुकतीच सर्दी झाली असेल, विमानप्रवास किंवा घाट झाला असेल, तर अडचण पडद्यामागे आहे. नाकातून कानाकडे जाणारी नळी सुजलेली असते. वरून कितीही थेंब घाला, ते तिथे पोहोचणार नाहीत.

श्रवणयंत्र वापरत असाल तर कानाआधी यंत्र बघा. आवाज बाहेर पडतो त्या टोकाला बारीक जाळी असते, तीत मळ अडकतो. जाळी बदला, मोल्ड (कानात बसणारा साचा) पुसा, बॅटरी बदला. ही दोन मिनिटांची गोष्ट आहे. तरी शिट्टी राहिली तर कान दाखवा. नळीत मळ असला की यंत्राचा आवाज त्यावर आपटून माइककडे परत जातो आणि शिट्टी वाजते.

कानाच्या नळीत खोचायचे इअरफोन तासन् तास वापरणाऱ्यांचा मळ बाहेर यायची वाटच बंद होते. काही दिवस ते बाजूला ठेवा. त्यावरची रबरी टोपीही पुसा.

चौथी तपासणी: तुमचा कान घरच्या उपायाला योग्य आहे का?

थेंबांची बाटली उघडण्याआधी स्वतःला हे विचारा.

लहानपणी कान फुटायचा का? वाहायचा का? कधी कानाखाली बसून, फटाक्याने किंवा अपघाताने मार लागला होता का? पडद्याला भोक असेल तर थेंब आणि पाणी थेट मधल्या कानात जातं. तिथे कळ, चक्कर, मग पू. कित्येकांना पडद्याला भोक असल्याचं माहीतच नसतं, कारण दुखत नाही. अंघोळीनंतर दर वेळी कान वाहतो, किंवा कानात घातलेलं औषध घशात उतरल्याची चव येते, असं असेल तर भोक आहे असंच समजून चाला.

कानाचं ऑपरेशन झालं आहे का? मुलाच्या कानाच्या पडद्यात ग्रोमेट (बारीकशी नळी) बसवला आहे का? मग घरी काहीही नको.

मधुमेह आहे का? कॅन्सरचे उपचार सुरू आहेत का, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू आहेत का? अशा माणसांच्या कानाच्या नळीला बारीकसा ओरखडा आणि त्यात नळाचं पाणी एवढंही जास्त होऊ शकतं. तिथला जंतुसंसर्ग हाडापर्यंत पसरतो, वेदना रात्री झोपू देत नाहीत, आणि इंजेक्शनं आठवडेच्या आठवडे चालतात. हा आजार वारंवार दिसत नाही, पण एकदा पाहिला की विसरता येत नाही. मधुमेही माणसाने कानातला मळ डॉक्टरांकडूनच काढावा आणि पाण्याने काढायचा असल्यास साखर असल्याचं आधी सांगावं.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का? नळीतली त्वचा सहज सोलते आणि रक्त थांबायला वेळ लागतो.

ऐकू येणारा कान एकच आहे का? मग त्या कानावर घरी प्रयोग करायचा नाही, दवाखान्यातही फवारा मारू द्यायचा नाही. नीट दिसेल अशा प्रकाशात, यंत्राने ओढूनच मळ काढून घ्या.

यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर 'हो' आलं तर पुढचा उपाय तुमच्यासाठी नाही. थेट कान-नाक-घसा डॉक्टरांकडे जा.

पाचवं: थेंब घाला, पण नीट

सगळी उत्तरं 'नाही' आली, गुणगुणल्यावर आवाज बंद कानातच आला, दुखत नाही, वाहत नाही, तर मळ मऊ करायचा. बऱ्याच जणांचा तेवढ्यानेच बाहेर येतो.

कोणते थेंब? दुकानात पॅराडायक्लोरोबेन्झिन, बेन्झोकेन, टर्पेंटाइन तेल यांचं मिश्रण मिळतं. सरकारी दवाखान्यात सोडा-ग्लिसरीन देतात, म्हणजे खायचा सोडा आणि ग्लिसरीनचं द्रावण. हायड्रोजन पेरॉक्साइडचे फेसाळणारे थेंब असतात. ऑलिव्ह तेल असतं. साधं सलाइन असतं. यात भारी कोणतं, हे लोक फार विचारतात. २०१८ साली कोक्रेन या संस्थेने या विषयावरचे प्रयोग एकत्र तपासले. थेंब घातलेले बरे, पण एक थेंब दुसऱ्यापेक्षा सरस असल्याचा पुरावा नाही, आणि पाणी किंवा सलाइनही विकतच्या औषधापेक्षा कमी ठरत नाही, असंच त्यातून निघालं. माझा कल सोडा-ग्लिसरीन किंवा ऑलिव्ह तेलाकडे आहे, कारण ती स्वस्त आहेत आणि कमी झोंबतात. सोड्याने काहींची त्वचा कोरडी होते, मग तेल घ्यावं. बदाम किंवा शेंगदाण्याचं वावडं असलेल्यांनी त्या तेलाचे थेंब टाळावेत. काही विकतच्या थेंबांत शेंगदाणा तेल असतं, लेबल वाचा.

घालायची पद्धत अशी. बाटली दोन-तीन मिनिटं मुठीत धरून अंगाइतकी कोमट करा. थंडगार थेंब घातले तर चक्कर येते, कारण आतल्या तोलाच्या अवयवाला तापमानातला फरक कळतो. बंद कान वर करून कुशीवर झोपा. मोठ्यांची पाळी वर आणि मागे ओढली की नळी सरळ होते. लहान मुलांची खाली आणि मागे. दोन-तीन थेंब सोडा, कानाच्या तोंडासमोरचा छोटा गोळा बोटाने दाबून थेंब आत ढकला, पाच-दहा मिनिटं तसेच पडून राहा. मग उठून बाहेर ओघळलेलं पुसा. दिवसातून तीन-चार वेळा, तीन ते पाच दिवस. कापसाचा बोळा खोचू नका, तो थेंब शोषून घेतो.

पहिल्या दोन दिवसांत कान आधीपेक्षा जास्त बंद वाटू शकतो. मळ फुगतो, त्याने असं होतं. इथे लोक घाबरून काडी घालतात, तेच करायचं नाही. मात्र जळजळ झाली, दुखायला लागलं, पाणी वाहू लागलं किंवा चक्कर आली तर थेंब लगेच बंद करा आणि दाखवा.

पाच दिवसांनी कान मोकळा झाला तर काम संपलं. झाला नाही तर बाटली संपेपर्यंत चालू ठेवण्यात अर्थ नाही. विशेषतः पॅराडायक्लोरोबेन्झिनचे थेंब लांबवले तर नळीची त्वचा भाजल्यासारखी लाल होते आणि मग मला मळही काढता येत नाही, आधी ती सूज उतरवावी लागते.

लसूण घालून कडकडीत केलेल्या तेलाबद्दल स्पष्ट सांगते. ते कानात घालू नका. तेल किती गरम आहे हे बोटाला नीट कळत नाही आणि नळीतली त्वचा बोटाच्या त्वचेपेक्षा कितीतरी नाजूक असते. भाजलेले कान मी बघते. लसणाचा तुकडा आत राहिला तर त्याने त्वचा चक्क जळते. पावसाळ्यात तर ओलावा आणि तेल मिळून बुरशीला आयतं घर मिळतं. बुरशी लागलेला कान प्रचंड खाजतो, आत ओल्या वर्तमानपत्रासारखा पांढुरका लगदा आणि त्यावर काळे ठिपके दिसतात, आणि घरचे त्यालाच मळ समजून आणखी तेल घालतात. खाज ही मुख्य तक्रार असेल आणि पावसाळा असेल तर थेंबही घालू नका, आधी दाखवा.

तान्ह्या बाळाच्या कानात अंघोळीआधी तेल घालायची रीत अजून पुष्कळ घरांत आहे. मालिश करणाऱ्या मावशी प्रेमानेच करतात, पण बाळाला त्याची गरज नसते. आजींना हे समजावून सांगा, आणि डॉक्टरांनी सांगितलंय असं खुशाल माझ्या नावावर घाला.

हे कधीच नको

कापूस लावलेली काडी. ती नळीपेक्षा थोडीच बारीक असते, त्यामुळे मळ बाहेर येण्याऐवजी पडद्याच्या दिशेने दाबला जातो. टोकाला लागलेला तपकिरी डाग बघून समाधान होतं, पण त्याच्या कितीतरी पट मळ आत घट्ट बसलेला असतो. वरून काडीने त्वचा घासली जाते, खाज येते, खाजेसाठी पुन्हा काडी. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २००८ साली मळाबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०१७ मध्ये त्या सुधारल्या. कानात काडी घालू नका हा सल्ला त्यात ठळकपणे आहे. हेअरपिन, आगपेटीची काडी, गाडीची किल्ली, देवघरातली उदबत्तीची काडी, जुन्या पेटीतलं चांदीचं कानकोरणं, सगळ्यांना हेच लागू. मी पडदा फाटलेले जे कान बघते, त्यांतले कित्येक प्रसंग एकसारखे असतात: काडी कानात होती आणि मागून पोर येऊन धडकलं.

स्टेशनबाहेर आणि बाजारात बसणारे कान साफ करणारे. त्यांचा हात सराईत असतो हे खरं. पण तेच कानकोरणं, तीच कापसाची काडी एका कानातून दुसऱ्या कानात जाते, आत प्रकाश नसतो, आणि कोणाच्या पडद्याला भोक आहे हे त्यांना कळायला मार्ग नाही.

मोबाइलला जोडायचा कॅमेरा आणि टोकाला चमचा असलेलं यंत्र हल्ली घरोघरी आलं आहे. तरुण मंडळी हे फार विश्वासाने वापरतात, म्हणून थोडं सविस्तर. मोबाइलच्या पडद्यावर दिसणारं चित्र सपाट असतं, खोली कळत नाही. मळ दिसतो, पण चमच्याचं टोक कानाच्या पडद्यापासून किती दूर आहे हे दिसत नाही. हात आरशातल्यासारखा उलटा चालतो. आणि आतल्या हाडाळ भागाला चमचा नुसता टेकला तरी कळ येऊन डोकं झटकन हलतं. माझ्याकडे सूक्ष्मदर्शक आहे, दोन्ही डोळ्यांनी खोली दिसते, तरी मी रुग्णाचं डोकं टेकवून धरल्याशिवाय हात घालत नाही. कॅमेऱ्याने बघायचं तर बघा. चमचा लावू नका.

कानात लावून पेटवायची मेणाची नळी. तिच्या बुडाशी साचलेला तपकिरी पदार्थ त्या मेणबत्तीचाच असतो, कानातला नसतो. चेहरा भाजणं आणि मेण कानात गळणं हे मात्र खरं होतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० साली यावर इशारा दिला आहे.

मुलांच्या बाबतीत एक वेगळी गोष्ट. कानात मळाऐवजी हरभरा, वाटाणा, चिंचोका असेल तर पाणी किंवा पाण्यातले थेंब घालू नका, दाणा फुगून घट्ट बसतो. घड्याळातली किंवा खेळण्यातली बटण बॅटरी गेली असेल तर कोणतेही थेंब न घालता त्याच तासाला दवाखाना गाठा. ती काही तासांत त्वचा जाळते. जिवंत किडा गेला आणि कान पूर्वी कधी फुटलेला नसेल, तर कोमट खोबरेल तेलाचे थेंब घातले की तो शांत होतो. काढायचा मात्र डॉक्टरांनी.

सहावं: दवाखान्यात काय होतं, काय विचारायचं

डॉक्टर आधी प्रकाश टाकून कानात बघतील. न बघता थेट पिचकारी उचलली तर अवश्य अडवा. मळ काढायच्या तीन पद्धती आहेत. पाण्याच्या धारेने धुणं, नळीने ओढून घेणं, आणि बारीक आकड्याने किंवा प्रोबने (बारीक सळईने) काढणं.

धुण्यासाठी पाणी शरीराच्या तापमानाचं, म्हणजे ३७ अंशांच्या आसपास हवं. धार पडद्यावर न मारता नळीच्या वरच्या-मागच्या भिंतीवर मारायची, म्हणजे पाणी मळाच्या मागे जाऊन त्याला बाहेर ढकलतं. जुन्या धातूच्या मोठ्या पिचकारीत दाबावर ताबा राहत नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१८ च्या सूचनांमध्ये मोठ्यांसाठी ती वापरू नका असंच म्हटलं आहे. दाब ठरवता येणारं यंत्र किंवा ओढून घेणारी नळी बरी. एकदा धुऊन निघाला नाही तर आत पाणी सोडून पंधरा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा प्रयत्न करायचा. जोर वाढवायचा नाही.

ओढून घेणाऱ्या नळीचा आवाज कानाशी मोठा येतो, लहान मुलं दचकतात, त्यांना आधी सांगून ठेवा. कान कोरडा राहत असल्याने मधुमेही आणि पडद्याला भोक असलेल्यांसाठी माझी पसंती हिलाच आहे. मळ काढताना खोकला येणं साधारण आहे, मघाशी सांगितलेल्या नसेमुळे. डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच सांगा. पूर्वी कधी अशी भोवळ आली असेल तर आडवं झोपवूनच काढायला सांगा. दुखलं तर 'थांबा' म्हणा. चांगला डॉक्टर तिथेच थांबतो, चार दिवस थेंब देतो आणि परत बोलावतो.

मळ निघाल्यावर दोन गोष्टी झाल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. पडदा पूर्ण दिसला का ते विचारा. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात चिकटलेली तपकिरी खपली मळासारखीच दिसते, पण तिच्याखाली हाड कुरतडणारा आजार असू शकतो, आणि त्याला ऑपरेशन लागतं. वासाचं पाणी अधूनमधून येणाऱ्यांनी हे नक्की विचारावं. दुसरं, ऐकू पूर्वीसारखं आलं का ते तिथेच ताडून बघा, पुन्हा गुणगुणा. कान स्वच्छ होऊनही कमी येत असेल तर श्रवण तपासणी करून घ्या. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत ती होते, मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय वाक्-श्रवण संस्थेतही होते.

वारंवार होत असेल तर

नळी जन्मतःच अरुंद किंवा वाकडी असणं, नळीत केस जास्त असणं, सोरायसिस किंवा कोंड्याचा त्रास, श्रवणयंत्र, वाढतं वय. यांतलं काही असेल तर मळ परत साचणारच, त्यात तुमची चूक नाही. पडदा शाबूत असल्याचं एकदा डॉक्टरांकडून कळलं की आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदा ऑलिव्ह तेलाचे दोन थेंब घातले तरी मळ मऊ राहतो. पावसाळ्यात मी हे बंद ठेवायला सांगते. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी दर तीन ते सहा महिन्यांनी कान बघून घ्यावेत, आणि यंत्राचं माप घ्यायच्या आदल्या आठवड्यात तर नक्कीच. साठीनंतर आजी-आजोबांचं बोलणं कमी झालं, विसरभोळेपणा वाढल्यासारखा वाटला, तर बाकीच्या तपासण्यांच्या आधी कान दाखवा.

मळ काढल्यावर नळीची त्वचा काही दिवस उघडी पडलेली असते. त्या दिवसांत अंघोळीच्या वेळी व्हॅसलीन चोळलेला कापसाचा बोळा कानाच्या तोंडाशी ठेवा, पोहणं आठवडाभर पुढे ढकला. दोन दिवसांनंतरही दुखत असेल किंवा पाणी येत असेल तर त्याच डॉक्टरांकडे परत जा.